मालकाची लेन रिकामी का?

"मॅडम, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी असो, गोकुळ शिरगाव असो की कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, कारखानदाराचा पहिला प्रश्न हाच असतो. शेजारच्या फौंड्रीत एक पॅकेज बसलेलं असतं, मेव्हण्याच्या मशीन शॉपमध्ये दुसरं, पुण्याच्या प्रदर्शनात तिसऱ्याचा डेमो बघितलेला असतो. टेबलावर तिन्ही कोटेशनं मांडलेली असतात आणि मी त्यातल्या एकावर बोट ठेवावं एवढीच अपेक्षा असते.

मी बोट ठेवत नाही. गेल्या महिन्यातलं एखादं किरकोळ बिल मागते आणि ते गेटपासून बँकेपर्यंत कसं गेलं ते दाखवा म्हणते. गेटच्या आवक रजिस्टरातली तारीख, काटा पावतीची तारीख, स्टोअरनं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केली ती तारीख, क्यूसीचा म्हणजे दर्जा तपासणीचा शिक्का, टॅलीतली एन्ट्री, पैसे सुटले तो दिवस. या तारखा एकाखाली एक लिहिल्या की मालक स्वतःच गप्प होतो. सगळ्यांचं मिळून हाताचं काम अर्ध्या तासाचंही नसतं. बाकीचे सगळे दिवस तो कागद कुणाच्या तरी ट्रेमध्ये, पिशवीत किंवा "सायेब आले की सही घेतो" या वाक्यात पडून असतो.

नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ विल व्हान डेर आल्स्ट यांनी अशा नोंदींतून कामाचा खरा रस्ता शोधण्याची एक विद्याशाखाच उभी केली. तिचं नाव प्रोसेस मायनिंग. तिला मुळात तीनच गोष्टी लागतात: कुठलं प्रकरण, काय केलं, केव्हा केलं. आपल्या गेट रजिस्टरात त्या तिन्ही आहेत, फक्त निळ्या शाईत.

पूर्वी मी एका फौंड्रीत अकाउंट्स आणि खरेदी दोन्ही बघायची. आता कारखान्यांच्या कामाच्या पद्धती कागदावर उतरवायच्या, त्यातला कचरा काढायचा आणि उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं, हा माझा धंदा आहे. त्यावर माझं एक मत पक्कं झालंय. ते मालकांना आवडत नाही, पण त्यांच्या तोंडावर सांगते, म्हणून इथं लिहायलाही हरकत नाही. सिस्टीम फसली की खापर सॉफ्टवेअरवर किंवा कामगारांवर फोडतात. माझ्या बघण्यात ती बहुतेक वेळा फसली आहे ती मालक स्वतःला वगळून बाकी सगळ्यांना नियम लावायला निघाला म्हणून.

हे चित्रात लगेच दिसतं. कामाचा आराखडा काढायची एक जगभर चालणारी लिपी आहे, बीपीएमएन. 2011 साली तिची दुसरी आवृत्ती आली आणि 2013 साली तिला आयएसओचं मानांकनही मिळालं. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. पातळ रेघेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेघेचं म्हणजे शेवट, गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, शंकरपाळ्याच्या आकारातून फाटे फुटतात. आणि पोहण्याच्या तलावात असतात तशा आडव्या लेन. प्रत्येक लेन एका माणसाची किंवा विभागाची: गेट, स्टोअर, क्यूसी, खरेदी, अकाउंट्स. मी मोठा कागद भिंतीला चिकटवते आणि त्या त्या माणसाला त्याची लेन सांगायला लावते. आजवर एकाही कारखान्यात मला "मालक" नावाची लेन आधीपासून आखलेली मिळालेली नाही. सल्लागारांनी काढलेल्या गुळगुळीत चार्टमध्येही नसते. फार तर शेवटी एक चौकोन असतो, "अप्रूव्हल", आणि त्यात सही करायला कुणीतरी अदृश्य देव.

एका फौंड्रीचं सांगते. नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत. वडील म्हणजे अण्णा, त्यांनी उद्यमनगरातल्या एका शेडपासून धंदा वाढवला. मुलगा शिकून आला आणि त्यानं एक बऱ्यापैकी महागाचं सॉफ्टवेअर बसवलं. गेटवर संगणक आला. नियम झाला: पीओ म्हणजे खरेदी ऑर्डर, तिचा नंबर टाकल्याशिवाय गाडीची नोंद होणार नाही आणि नोंदीशिवाय गाडी आत येणार नाही. डेमोमध्ये हे फार छान दिसतं. डेमोतला पुरवठादार शंभर नगांची ऑर्डर घेतो, शंभरच आणून देतो, तेही दिवसाउजेडी. आपल्याकडं दहा टनांची ऑर्डर असेल तर काट्यावर नऊ टन आठशे चाळीस किलो भरतं आणि गाडी येते रात्री साडेदहाला.

चार-सहा महिन्यांनी मला बोलावलं ते भंगाराची बिलं तुंबली म्हणून. अकाउंट्सवाली मुलगी रडकुंडीला आलेली. स्क्रीनवर गेटच्या सगळ्या नोंदी हिरव्या, पण बिलातला दर आणि पीओतला दर एकाही ठिकाणी जुळेना. नीट बघितल्यावर कळलं, की भंगाराच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना एकच पीओ नंबर पडलाय. कधीकाळची वार्षिक ओपन ऑर्डर होती, तिच्यावर वजनाची मर्यादा नव्हती. तो नंबर टाकला की सिस्टीम गाडी आत घेत होती. गेटवरच्या मामांनी तो संगणकाच्या कडेला खडूनं लिहून ठेवला होता.

धाकट्या मालकांचा निकाल तयार होता: मामांना कॉम्प्युटर जमत नाही, तिथं एखादं शिकलेलं पोरगं बसवा. मी मामांशी बोलले. ते म्हणाले, "माल अण्णांनी फोनवर मागवलेला असतोय. ड्रायव्हर म्हणतोय, शेठशी बोलणं झालंय. कॉम्प्युटर म्हणतोय, नंबर टाक. सकाळी भट्टीला माल लागतोय. मी काय गाडी हायवेला उभी करू व्हय?"

आता यात कॉम्प्युटर कुणाला जमत नव्हता? मामांनी तर सिस्टीमचं दार कुठून उघडतं ते बरोबर हुडकलं होतं. भंगाराचे दर रोज हलतात. अण्णा सकाळी चहा घेताना दोन-तीन व्यापाऱ्यांना फोन लावतात, जो स्वस्त देईल त्याचा सौदा तिथंच पक्का करतात. पीओ निघतो तो माल आल्यावर, कधी माल वितळल्यावर. यात अण्णांचं चुकतं असं मला वाटत नाही. त्या फोनवरच ती फौंड्री चालते. चूक एवढीच, की हा फोन चार्टमध्ये कुठंच नव्हता. सॉफ्टवेअरवाल्यांनी विचारलं नाही, मुलानं सांगितलं नाही, आणि अण्णांना तर आपण जे करतो तेही "प्रोसेस" आहे हे मान्यच नव्हतं.

आम्ही कागदावर अण्णांची लेन आखली, अगदी वर. त्यात पहिला चौकोन: "फोनवर सौदा". गेटवर शंकरपाळं: पीओ आहे का? नसेल तर मामा गाडी नंबर, पुरवठादार आणि काटा पावतीचं वजन टाकून गाडी आत घेतात. त्याच क्षणी अण्णांच्या मोबाइलवर मेसेज जातो: अमुक गाडी, इतकं वजन, दर सांगा. त्यापुढं बीपीएमएनमधलं घड्याळाचं चिन्ह: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत दर आला नाही, तर ती गाडी "दर बाकी" यादीत जाते आणि जबाबदार म्हणून अण्णांचं नाव लागतं. दर आला की पीओ आपोआप तयार होतो. उशिरा झालेला पीओ म्हणून त्यावर खूण राहते, कुणी जुनी तारीख घालायची नाही.

एका ठिकाणी मात्र मी अडून बसले. भंगाराची तपासणी. घाईच्या दिवशी तीही "नंतर बघू" म्हणायची सवय होती. भंगारात झाकण बंद असलेला डबा किंवा जुना शॉकॲब्सॉर्बर भट्टीत गेला तर आत कोंडलेली हवा-तेल स्फोट करतं, वितळलेलं लोखंड बाहेर उडतं. पीओ दोन दिवसांनी आला तर अकाउंट्सवाली मुलगी वैतागते. तपासणी नंतर आली तर भट्टीवरचा माणूस भाजतो. जुन्या सिस्टीममध्ये या दोन गोष्टींचं वजन उलटं होतं: पीओशिवाय गेट उघडत नव्हतं आणि तपासणीशिवाय भट्टीत माल पडत होता. नियम आखताना कुठली पायरी मागंपुढं झाली तर चालेल आणि कुठली मेलं तरी चालणार नाही, एवढं जरी घरातल्या घरात ठरलं तरी अर्धं काम होतं. ते ठरवायला कुठलाही परवाना विकत घ्यावा लागत नाही.

व्यवस्थापनाच्या वर्गात या विषयावर फोर्डची गोष्ट हमखास सांगतात. मायकेल हॅमर यांनी 1990 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिली ती. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात पाचशेहून जास्त माणसं होती. संगणक घालून ती चारशेवर आणायचा विचार होता. मग त्यांनी माझदाकडं बघितलं, तिथं हेच काम पाच जण करत होते. कंपनीच्या आकाराचा फरक धरूनही फोर्डचा फुगवटा लपेना. फोर्डमध्ये खरेदी ऑर्डर, माल पोचल्याची नोंद आणि बिल या तीन कागदांवरच्या चौदा गोष्टी जुळवत बसायचे. त्यांनी बिलच काढून टाकलं. ऑर्डर संगणकात, माल आला की गोदीवरच पडताळणी, जुळला तर थेट चेक. माणसं तीन चतुर्थांशानं कमी झाली. आहे ते काम संगणकावर चढवू नका, आधी नको ते पुसून टाका, हा हॅमर यांचा सांगावा मला मनापासून पटतो.

पण हीच गोष्ट ऐकून आलेले तरुण कारखानदार "आपण पण बिल काढून टाकू" म्हणतात तेव्हा त्यांना जीएसटी कायदा दाखवावा लागतो. इथं बिलाशिवाय इनपुट क्रेडिट नाही. नुसतं बिल हातात असूनही भागत नाही, 1 जानेवारी 2022 पासून पुरवठादारानं ते आपल्या विवरणपत्रात भरलेलं असावं लागतं, तरच आपल्या जीएसटीआर-2बी या विवरणात उतरतं. म्हणजे फोर्डनं पुसलेली पायरी आपल्याकडं कायद्यानंच ठेवली आहे. आपल्याला पुसायच्या त्या वेगळ्या: त्या बिलावर घरातल्या माणसांच्या ज्या चार-पाच सह्या होतात त्या. स्टोअरवाला सही करतो कारण क्यूसीनं केली, अकाउंटंट करतो कारण स्टोअरनं केली, मालक करतो कारण खाली सगळ्यांच्या आहेत. कुणीच काही बघत नाही. सॉफ्टवेअर आलं की याच सह्यांची बटणं होतात आणि मालक परगावी गेला की मोबाइलवर शंभर अप्रूव्हल एकदम दाबतो. याला मी तरी नियंत्रण म्हणणार नाही.

दुसरं एक घड्याळ आपल्या डोक्यावर आहेच, आणि बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते बसवलेलं नसतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, हे 2006 च्या कायद्यात आहे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. हे व्याज मागायला फारसं कुणी जात नव्हतं, कारण पुढची ऑर्डर कोण देणार? पण 2023 च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात 43बी चं "एच" उपकलम घातलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, देशील तेव्हा धर. मग मार्च महिन्यात अचानक सगळ्यांना आपल्या कोअर करणाऱ्याची, पॅटर्न करणाऱ्याची, मशीनिंगवाल्याची आठवण यायला लागली.

त्याच 2006 च्या कायद्यात आणखी एक गंमत आहे. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असंच धरलं जातं. आपल्या क्यूसीला दोष सापडतो तो माल मशीनवर चढल्यावर, म्हणजे कित्येकदा महिन्यानं. मग डेबिट नोट फाडायची आणि पुरवठादाराशी भांडायचं. तुम्ही चार्टमध्ये क्यूसीच्या चौकोनावर 15 दिवसांचं घड्याळ लावलं नसेल, तर ते भांडण तुम्ही आधीच हरलेले असता. आणि हे घड्याळ कुणाला लावायचं तेही कळायला हवं. कोअर करणारा उत्पादक आहे, त्याला लागू. भंगारवाला व्यापारी आहे, त्याच्याकडं उद्यम नोंदणी असली तरी या मुदतीचा फायदा त्याला नाही. म्हणजे पुरवठादाराच्या मास्टरमध्ये "उद्यम आहे का" एवढा एक रकाना पुरत नाही, "करतो काय" हाही हवा.

मास्टरवरून आठवलं. सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायचं म्हटलं की सगळ्यांना तारा आणि एपीआय दिसतात. ते काम अवघड नाही, पोरं चार दिवसांत करतात. खरी कुस्ती नावांशी असते. निम्म्या कोल्हापुरात दुकानाचं नाव महालक्ष्मी असतं, उरलेल्या निम्म्यात जोतिबा. टॅलीत "महालक्ष्मी ट्रेडर्स", गेटवर "महालक्ष्मी शिरोली", स्टोअरला "पाटलांचा माल". एकाच मालाला खरेदीवाले "एसजी भंगार" म्हणतात, भट्टीवाले "रिटर्न", आणि रिटर्न म्हणजे खरं तर आपल्याच फौंड्रीतून परत आलेले रनर-रायझर, विकत घेतलेला माल नव्हेच. तुम्ही काटा, स्टोअर आणि टॅली जोडून टाकलं आणि हे तसंच ठेवलं, तर आधी तीन वह्यांत असलेला घोळ आता एका ठिकाणी आणि फार वेगानं होतो. म्हणून मी पुरवठादाराचा जीएसटी नंबर हीच ओळख धरते आणि नाव काहीही असू दे म्हणते. हे काम कंटाळवाणं आहे. कोटेशनमध्ये त्याची ओळ नसते, आणि ते करायला बाहेरचा माणूस उपयोगाचा नाही. स्टोअरमधल्या जुन्या माणसाला अकाउंट्सवाल्या मुलीशेजारी बसवून एकेक नाव पुसावं लागतं. मालकांना वाटतं पगार फुकट चाललाय.

विक्रीच्या बाजूला तर एकच बिल कितीदा टाइप होतं ते बघा. आधी टॅलीत. पाच कोटींवर उलाढाल असेल तर 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं, त्यासाठी पोर्टलवर. मग ई-वे बिल. मग ज्या मोठ्या वाहन कंपनीला माल जातो तिच्या सप्लायर पोर्टलवर, कारण तिथं आधी सूचना टाकल्याशिवाय तिच्या गेटवर गाडी घेत नाहीत. इथं जोडणीनं खरोखर माणसाचे तास वाचतात, आणि खर्च करायचाच तर तो मी आधी इथं करायला सांगते. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टसारखं मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर आहे, परवान्याचा खर्च नाही, बसवणाऱ्याचा आणि सांभाळणाऱ्याचा आहे. लहान कारखान्याला ते पुष्कळदा पुरतं. फारच लहान असेल, तर नीट ठेवलेलं गेट रजिस्टर आणि एक टॅली पुरते, हेही मी सांगते, आणि त्या दिवशी माझी फी बुडते.

राहता राहिली अण्णांची फौंड्री. नवी पद्धत चालू आहे. मामा गेटवरच आहेत, खडूचा नंबर पुसला गेलाय. भंगाराची बिलं आता अडत नाहीत, अडलीच तर कुठं ते दिसतं. "दर बाकी" यादी रोज सकाळी अकाउंट्सला आणि धाकट्या मालकांना जाते, आणि तिच्यात जबाबदार म्हणून एकच नाव असतं. पहिल्या महिन्यात अण्णांनी ती यादी बंद करायला सांगितली. मुलगा म्हणाला, फोनवरचे सौदेच बंद करा, म्हणजे यादीचा प्रश्नच नाही. दोघांनी मला मध्ये घातलं. मी दोघांनाही नाही म्हटलं: फोन बंद केला तर भंगार महाग पडेल आणि यादी बंद केली तर मामा पुन्हा खडू शोधतील. बरीच घासाघीस झाल्यावर अण्णांनी एकच अट घातली. यादीचं नाव बदला, "दर बाकी" वाचलं की कुणाचं तरी देणं थकल्यासारखं वाटतं. आता तिचं नाव "अण्णांशी बोलणे" आहे. अकाउंट्सवाली मुलगी ती प्रिंट काढून दहा वाजता त्यांच्या टेबलावर ठेवते आणि उभी राहते. अण्णा चष्मा लावून दर सांगतात, सांगता सांगता मध्येच एखाद्या व्यापाऱ्याला फोन लावतात, आणि यादीत उद्यासाठी आणखी एक गाडी वाढते.